काही कळले तर कळवीन

नोकरीसाठी अर्ज करून निकालाची वाट पाहणाऱ्या तरुणाला, शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकाला, किंवा परगावी गेलेल्या मुलाचे पत्र न आल्यामुळे त्याच्या मित्राकडे चौकशीला आलेल्या बापाला, ज्याच्यापाशी त्या क्षणी सांगण्यासारखे काहीच नाही असा मनुष्य जे एकमेव आश्वासन प्रामाणिकपणे देऊ शकतो, ते ‘काही कळले तर कळवितो’ हे होय. या चार शब्दांत एक अट आहे आणि एक अभिवचन आहे. अट अनिश्चित, अभिवचन मात्र निश्चित. आणि मराठी घरात वाढलेले लहान मूलही हे वाक्य बिनचूक बोलते. परंतु हाच आशय इंग्रजीत मांडण्याचा प्रसंग आला, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षण पुरे करून कचेरीत वर्षानुवर्षे इंग्रजीतच पत्रव्यवहार केलेला आपल्याकडील मनुष्यही पुष्कळदा ‘इफ आय विल कम टु नो एनिथिंग, देन आय विल इंटिमेट यू’ असे लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्या इंग्रजाला अर्थ कळतो, यात शंका नाही. पण शब्द इंग्रजी असूनही वाक्य इंग्रजी नाही, हेही त्याच्या तत्काळ ध्यानात येते. इंग्रजी ज्याची जन्मभाषा आहे तो अशा वेळी सहज म्हणून जातो, ‘आय्‌ल लेट यू नो इफ आय हिअर एनिथिंग’.

या दोन वाक्यांतील अंतर एखाद्या चुकलेल्या क्रियापदापुरते नाही. काळ, क्रम, अव्यय आणि क्रियापदाची निवड, या सर्वच बाबतींत ती एकमेकांपासून दूर गेलेली आहेत, आणि त्या प्रत्येक अंतरामागे काही कारण आहे. ते कारण उमगले की नियम पाठ करीत बसावे लागत नाही. वार्ता देण्याचे वचन देताना आपण नेमके किती पत्करतो आहोत, हे ठरविण्याचे काम इंग्रजी भाषा अत्यंत लहान शब्दांच्या हवाली करते. म्हणून हे लहान शब्दच बारकाईने पाहण्यासारखे आहेत, अशी माझी धारणा आहे.

प्रथम त्या ‘विल’चा विचार करू. अट सांगणाऱ्या ‘इफ’च्या वाक्यात ‘विल’ घालू नये, हा नियम आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. ज्या ‘रेन आणि मार्टिन’च्या व्याकरणातून तो बहुतेकांनी घोकला, त्यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ होते, आणि १९२४ साली गाजलेली ‘बो जेस्ट’ ही कादंबरीही त्यांचीच. असल्या व्याकरणांनी आपल्याकडे मोठे काम केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे; परंतु नियम हुकमासारखा सांगावयाचा आणि त्याचा खुलासा गुलदस्तात ठेवावयाचा, ही आपल्याकडील अध्यापनाची रीत विद्यार्थ्याच्या हाती काहीच टिकू देत नाही. गोष्ट उद्याची, वार्ता यावयाची ती पुढे, आणि तरी तेथे भविष्यकाळ का नको, हा प्रश्न बुद्धिमान विद्यार्थ्याच्या मनात आल्याशिवाय राहात नाही. आणि उत्तर न मिळाल्यामुळे तो परीक्षेत नियम पाळतो व पत्रात मोडतो.

उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. हजारबाराशे वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत क्रियापदाची रूपे दोनच काळांची होती, वर्तमान आणि भूत. उद्याची गोष्टही वर्तमानाच्याच रूपाने सांगितली जाई. आज भविष्यकाळाची खूण म्हणून आपण जे ‘विल’ आणि ‘शॅल’ शिकतो, ते त्या काळी पूर्ण अर्थाची स्वतंत्र क्रियापदे होती : पहिल्याचा अर्थ इच्छा करणे, दुसऱ्याचा देणे लागणे. इच्छा आणि ऋण यांवरून ‘पुढे घडेल’ असा अर्थ हळूहळू झिरपत आला, आणि तो मुख्य वाक्यात स्थिरावला. जेथे मुख्य वाक्याने भविष्याचा निर्देश आधीच केलेला असतो, त्या गौण वाक्यात मात्र तो पुन्हा करण्याची भाषेला गरज भासली नाही, आणि वर्तमानकाळाची जुनी वहिवाट तेथे अबाधित राहिली. ‘इफ आय हिअर’ मधील ‘हिअर’ हा अपवाद नसून जुन्या व्यवस्थेचा जिवंत अवशेष आहे. ‘व्हेन’, ‘टिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘वन्स’ या सर्वांच्या मागे तोच वर्तमानकाळ येतो, त्याचेही कारण हेच.

भविष्यातली गोष्ट भविष्यकाळात न सांगण्याची ही रीत मराठी मनुष्याला परकी वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. ‘उद्या पाऊस पडला तर सभा दिवाणखान्यात भरेल’, असे आपण म्हणतो, आणि त्यात उद्याच्या पावसाला व्याकरणात भूतकाळाचे म्हणून शिकविलेले रूप लावतो. कारण अट पुरी झाल्यावाचून पुढचे घडावयाचे नाही, म्हणून ती पुरी झालेलीच कल्पून मराठी बोलते. इंग्रजी ती पुरी झाली असे कल्पीत नाही, नुसती समोर ठेवते. दोन्ही भाषा भविष्यकाळ टाळतात; फक्त एक भूतकाळाचा आश्रय करते आणि दुसरी वर्तमानाचा. आपल्या लोकांच्या इंग्रजीत म्हणूनच दोन निरनिराळ्या चुका आढळतात. तर्काने चालणारा ‘इफ आय विल हिअर’ म्हणतो. मराठीच्या वळणाने चालणारा ‘इफ आय हर्ड एनिथिंग, आय विल टेल यू’ म्हणतो. दुसरी चूक अधिक घातक, कारण इंग्रजीत ‘इफ’नंतर भविष्यासंबंधी भूतकाळाचे रूप आले की ती गोष्ट घडण्याचा संभव फारसा नाही, अशी सूचना होते, आणि धीर देण्यासाठी उच्चारलेले वाक्य निराशा पेरून जाते.

‘इफ’च्या मागे ‘विल’ कधीच येत नाही, असे मात्र समजू नये. ‘इफ यू विल काइंडली वेट’ या विनंतीत तो येतो, कारण तेथे त्याचा मूळचा इच्छेचा अर्थ अजून जिवंत आहे : आपण थांबण्याची कृपा करणार असाल तर. आणि आणखी एका जागी तो येतो, जी आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. चिंतेत असलेल्या आईला मुलगा सांगतो, ‘इफ इट विल सेट युअर माइंड अ‍ॅट रेस्ट, आय्‌ल रिंग यू टुनाइट’. तेवढ्याने तुझे मन स्वस्थ होणार असेल तर रात्री फोन करतो. येथे ‘विल’ योग्य आहे, कारण कालक्रम उलटा आहे. एरवी अट आधी पुरी होते आणि वचन नंतर पाळले जाते. येथे फोन आधी आणि मनाची स्वस्थता मागाहून. अट ही जेव्हा कृतीच्या नंतर येणारी गोष्ट असते, तेव्हा इंग्रजी भविष्याची खूण परत आणते. मराठीही या ठिकाणी ‘स्वस्थ झाले तर’ न म्हणता ‘स्वस्थ होणार असेल तर’ म्हणते, आणि दोन भाषांचे हे मतैक्य मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला कुठे ‘विल’ घालावा याचा संभ्रम पडतो, त्याने मराठी वाक्यात ‘होणार असेल’ सहज बसते की नाही, हे आधी तपासून पाहावे.

आता क्रम. मराठीत अट पुढे आणि वचन मागे, हा प्रघात इतका दृढ आहे की ‘कळवितो, काही कळले तर’ असे म्हटल्यास ते वाक्य मागाहून सुचलेल्या पुस्तीसारखे भासते. इंग्रजीत नेमके उलट आहे. दोन्ही क्रम शुद्ध असले, तरी वार्तेचे वचन देताना इंग्रजी बोलणारा बहुधा वचनाने आरंभ करतो आणि अट हलक्या स्वराने शेवटी ठेवतो. विचारणाऱ्याला प्रथम हवे असते ते ‘मी तुम्हाला कळवीन’ हे. अट कोणती, हे तर परिस्थितीवरून दोघांनाही ठाऊक असते. अट आधी मांडली म्हणजे तिला वजन येते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष वचनावरून उडून ती अट पुरी होईल की नाही, या शंकेवर जाऊन बसते. करारनाम्यातील कलमांत अट पुढे असणे रास्त आहे, कारण तेथे जबाबदारीची मर्यादा आधी आखावयाची असते. स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ती मागे असणे अधिक सौजन्याचे. लेखनात अट पुढे आली तर तिच्यानंतर स्वल्पविराम देतात, मागे आली तर देत नाहीत.

‘देन’चा घोटाळाही येथलाच आहे. आपल्या व्याकरणात ‘जर–तर’ ही संकेतबोधक अव्ययांची जोडी म्हणून शिकवितात. पण बोलण्यात ‘जर’ गाळला तरी चालते, ‘तर’ गाळून चालत नाही. इंग्रजीत ‘इफ’ अपरिहार्य आणि ‘देन’ ऐच्छिक, किंबहुना साध्या वचनात अनावश्यकच. मराठी मनाला ‘तर’वाचून वाक्य लंगडे वाटते, म्हणून लेखणी आपोआप ‘देन’ लिहून जाते, आणि मित्राला लिहिलेल्या चिठ्ठीला भूमितीतील सिद्धान्ताचे रूप येते.

क्रियापदांच्या निवडीत तर आपल्याकडील कचेऱ्यांच्या इंग्रजीने मोठाच गोंधळ करून ठेवला आहे. ‘कळणे’ या एका मराठी क्रियापदासाठी आपण सर्वत्र ‘कम टु नो’ वापरतो. इंग्रजीत त्याचा ओघ परिचयाने हळूहळू जाणू लागण्याकडे आहे. वार्तेसाठी तेथे ‘हिअर’ आहे, मग ती वार्ता कानांनी ऐकली असो वा पत्रातून वाचली असो. आणि ‘हिअर’च्या शेजारी ‘फाइंड आउट’ आहे, ज्याचा अर्थ शोध करून मिळविणे असा होतो. या दोहोंत वचनाचे मोल बदलते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘इफ आय हिअर एनिथिंग’ म्हणणाऱ्याने आपल्या कानावर काही आल्यास सांगण्याचे कबूल केले आहे. चौकशी करण्याचे कबूल केलेले नाही. ‘इफ आय फाइंड आउट एनिथिंग’ म्हणणाऱ्याने चौकशीही पत्करली आहे, असे ऐकणारा धरून चालतो, आणि त्याला तसा हक्कही आहे. पोलीस अधिकाऱ्याने हरवलेल्या मुलाच्या आईबापांना पहिले वाक्य ऐकविणे निष्ठुरपणाचे होईल, आणि जो काहीच शोध करणार नाही त्याने दुसरे वाक्य वापरणे लबाडीचे होईल.

कळविण्याच्या बाजूला ‘इंटिमेट’ आणि ‘इन्फॉर्म’ हे शब्द सरकारी दप्तरातून आपल्या घरगुती पत्रांत शिरले. पेशवाईतील पत्रांत जे स्थान ‘इत्तला देणे’ आणि ‘विदित व्हावे’ यांना होते, तेच इंग्रजी अमदानीतील कारकुनी पत्रव्यवहारात या शब्दांना मिळाले. मसुद्यात ते शोभतात, मित्राच्या पत्रात शोभत नाहीत. तेथे ‘लेट यू नो’ किंवा नुसते ‘टेल यू’ पुरे. वार्ता एकदाच यावयाची नसून वेळोवेळी येणार असेल, तर ‘आय्‌ल कीप यू पोस्टेड’ हा वाक्प्रयोग आहे, आणि त्याचा टपालाशी संबंध नसून जमाखर्चाशी आहे : रोजकीर्दीतील रकमा खतावणीत चढवून खाते अद्ययावत ठेवणे, या व्यापारी अर्थावरून तो आलेला आहे. या वचनात अट मुळीच नाही. म्हणून ज्याला वरचेवर कळविणे झेपणार नाही त्याने हा प्रयोग टाळलेलाच बरा.

‘एनिथिंग’ आणि ‘समथिंग’ यांतील भेदही असाच सूक्ष्म आहे. ‘इफ आय हिअर एनिथिंग’ मध्ये बोलणारा काहीच गृहीत धरीत नाही. कळेल किंवा न कळेल, आणि कळलेच तर थोडे असो वा फार, चांगले असो वा वाईट. ‘इफ आय हिअर समथिंग’ म्हटले की कोणते तरी विशिष्ट वर्तमान येण्याची अपेक्षा मनात आहे, असे ध्वनित होते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा भेद. ‘इफ’ की ‘व्हेन’? मराठीत आपण ‘अहवाल आला तर फोन करतो’ आणि ‘अहवाल आला की फोन करतो’ ही दोन वाक्ये कधी एकाच्या जागी दुसरे अशी वापरीत नाही. ‘तर’मध्ये संशय आहे, ‘की’मध्ये केवळ विलंब आहे. इंग्रजीत ‘इफ’ आणि ‘व्हेन’ यांच्यात नेमके हेच अंतर आहे. पण ‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ असे समीकरण शाळेत पाठ झाल्यामुळे, आणि ‘जेव्हा अहवाल येईल तेव्हा’ हे वळण बोलण्यात जड वाटत असल्यामुळे, आपले लोक ‘की’च्या जागीही पुष्कळदा ‘इफ’च लिहितात. रक्ताच्या तपासणीचा अहवाल येणारच आहे, प्रश्न फक्त वेळेचा आहे, अशा स्थितीत रुग्णाला ‘इफ द रिपोर्ट कम्स’ असे लिहिणे म्हणजे अहवाल गहाळ तर झाला नाही ना, अशी भीती त्याच्या मनात घालणे होय. उलट ज्या जागेसाठी शेकडो अर्ज आले आहेत आणि उत्तर येईलच याची शाश्वती नाही, तेथे मध्यस्थाने ‘आय्‌ल लेट यू नो व्हेन आय हिअर’ असे लिहिल्यास, उत्तर निश्चित येणार आहे, असे तो अर्जदार समजून चालेल आणि दिवस मोजीत बसेल. एका शब्दाने आशा निर्माण होते, एका शब्दाने भय. आणि ज्याच्यावर ती वेळ आलेली असते तो तुमच्या पत्रातील प्रत्येक शब्द पुन्हापुन्हा वाचीत असतो, याचा विसर पडता कामा नये.

वचन नकाराच्या रूपानेही देता येते, आणि कधी कधी तेच अधिक प्रामाणिक असते. जेन ऑस्टिनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत धाकटी मुलगी लिडिया एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते, आणि तिच्या शोधासाठी वृद्ध बाप लंडनला जातो. तेथून तो थोरल्या मुलीला अवघ्या काही ओळी लिहितो : सुखरूप पोहोचलो, मुक्काम अमुक ठिकाणी आहे, आणि सांगण्यासारखे महत्त्वाचे काही हाती येईपर्यंत पुन्हा लिहिणार नाही. घरी सर्वजण टपालाकडे डोळे लावून बसलेली असताना हे वाक्य कठोर वाटते. पण त्याने एक गोष्ट साधली आहे, आणि ती म्हणजे पुढच्या मौनाचा अर्थ आधीच सांगून ठेवला आहे. त्या काळच्या टपालाची पद्धतही येथे लक्षात घ्यावी लागते. रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे सार्वत्रिक टपाल सुरू होईपर्यंत पत्राचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे, आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर अवलंबून असे. काही वार्ता नसताना पत्र लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशाला चाट लावणे होते. हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले ते १८५४ पासून, आणि पाव आण्याचे कार्ड आले १८७९ मध्ये. तेव्हापासून ‘विशेष काही नाही’ एवढेच कळविणारे पत्रही सामान्य माणसाला परवडू लागले.

त्या जुन्या बापाचे वाक्य आजच्या इंग्रजीत ‘आय वोंट राइट अगेन टिल आय हॅव समथिंग टु टेल यू’ असे होईल. ‘टिल’च्या मागे पुन्हा तोच वर्तमानकाळ आहे, आणि येथे ‘एनिथिंग’ न येता ‘समथिंग’ आला आहे, कारण काहीतरी हाती येईलच, या गृहीतावर हे वाक्य उभे आहे.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्या वादाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो वाद मुळात वचनाविषयीचाच आहे. १६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा नियम घातला की प्रथमपुरुषी ‘शॅल’ हे केवळ भाकीत, आणि ‘विल’ हे वचन किंवा धमकी. अनंताचे चिन्ह गणितात प्रथम वापरणारे वॉलिस ते हेच. पुढे १९०६ साली फौलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ मध्ये या भेदाचा विस्तृत ऊहापोह केला, आणि दक्षिण इंग्लंडात न जन्मलेल्याला तो साधणे कठीण आहे, असेही सांगून टाकले. आपल्या विद्यार्थ्यांनी या चक्रव्यूहात शिरण्याचे प्रयोजन नाही. बोलण्यातील ‘आय्‌ल’ने दोहोंना एकत्र करून तो तंटा केव्हाच मिटविला आहे. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, ‘कळवितो’ या मराठी वर्तमानकाळाचा शब्दशः अनुवाद करून ‘आय टेल यू’ म्हणता येत नाही, आणि ‘आय अ‍ॅम गोइंग टु लेट यू नो’ म्हणजे आधीच ठरविलेला बेत होतो. समोरच्याने विचारताच त्या क्षणी दिलेले वचन ‘आय्‌ल’नेच द्यावयाचे असते.

दूरच्या शक्यतेची रूपे थोडक्यात पाहून घेऊ. ‘शुड आय हिअर एनिथिंग, आय शॅल राइट अ‍ॅट वन्स’ हे औपचारिक वाक्य आपल्या ‘काही कळल्यास त्वरित लिहीन’ याच्या अगदी तोलाचे आहे. ‘-ल्यास’ जेथे शोभते तेथे ‘शुड’ शोभतो, आणि जेथे ‘-ल्यास’ अवघडल्यासारखे वाटते तेथे तोही वाटतो. ‘इफ आय हर्ड एनिथिंग, आय्‌ड टेल यू’ हे संशय घेणाऱ्याला दिलेले उत्तर आहे : मला काही कळेल, आणि मी ते लपवीन, असे तुम्हाला वाटते काय? आणि ‘इफ आय्‌ड हर्ड एनिथिंग, आय्‌ड हॅव टोल्ड यू’ हे तगाद्याला दिलेले, ‘कळले असते तर कळविले असते’. या शेवटच्या वाक्यात ‘आय्‌ड’ दोनदा आला असला तरी पहिला ‘हॅड’चा संक्षेप आहे आणि दुसरा ‘वुड’चा, तो उलगडताना दोन्ही ठिकाणी ‘वुड’ लिहिणे ही फार रूढ झालेली चूक आहे.

आतापर्यंत ज्या ‘इफ’चा विचार केला तो ‘जर’चा होता. ‘इफ’ दुसराही आहे, ज्याचा अर्थ ‘की नाही’ असा होतो, आणि ‘लेट यू नो’च्या शेजारी हे दोन्ही ‘इफ’ एकाच पेहरावात उभे राहतात. ‘आय्‌ल लेट यू नो इफ आय कॅन कम’ या वाक्याचे दोन अर्थ आहेत. एक : येता येणार असेल तर कळवीन, आणि नसेल तर कळविणार नाही. दुसरा : येता येईल की नाही, ते कळवीन. पहिल्या अर्थाने मौन म्हणजे नकार. दुसऱ्या अर्थाने मौन म्हणजे वचनभंग. यजमान दुसरा अर्थ धरून पानाचा विचार करीत बसतो, आणि पाहुणा पहिल्या अर्थाने स्वस्थ असतो. या दुसऱ्या ‘इफ’च्या मागे ‘विल’ निर्धास्तपणे येतो, ‘आय्‌ल लेट यू नो इफ आय विल बी फ्री’. कारण तेथे अट नाही, प्रश्न आहे. म्हणून दुसरा अर्थ अभिप्रेत असल्यास ‘इफ’ सोडून ‘व्हेदर’ लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलताना स्वरावरून, चेहऱ्यावरून निभावून जाते. कागदावर निभावत नाही.

मौनाचा हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनीही हाताळला आहे. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले की, ‘हिरवळ कापलीस तर पाच डॉलर देईन’ असे म्हटले की ऐकणारा ‘न कापल्यास देणार नाही’ हेही त्यातून काढतो, जरी तर्कशास्त्राच्या दृष्टीने वाक्यात तसे कोठेही म्हटलेले नाही. वाक्यच त्या अनुमानाला आमंत्रण देते. हा सिद्धान्त वार्तेच्या वचनाला लावला तर, ‘कळले तर कळवीन’ असे म्हणताच ‘कळविले नाही, म्हणजे कळले नाही’ असे दुसरे वाक्य न उच्चारता मागे उभे राहते, आणि वाट पाहणारा मनुष्य रोज त्या दुसऱ्या वाक्यावर विसंबून असतो. वचन देणारा विसरला तर पहिले वाक्य मोडते एवढेच नव्हे, तर दुसरे खोटे ठरते, आणि ते खोटे ठरले हे ऐकणाऱ्याला कळण्यास मार्ग नसतो.

यावर इंग्रजी पत्रव्यवहाराने जो एक उपाय काढला आहे तो मुदतीचा. ‘इफ यू हॅव नॉट हर्ड फ्रॉम अस बाय द थर्टिएथ, प्लीज अझ्यूम दॅट युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज नॉट बीन सक्सेसफुल’ असे लिहिणाऱ्या संस्थेने निदान प्रतीक्षेला तारीख दिली आहे. येथे अटीच्या वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ येतो, कारण ती तारीख उजाडेपर्यंतचा सर्व काळ त्यात मोजावयाचा असतो. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि शेकडो अर्ज हाताळणाऱ्या कारकुनाच्या सोयीचे आहे. पण नकार सांगण्याचे काम ते मौनावर सोपविते, आणि पोस्टाच्या गफलतीमुळे पत्र न पोहोचलेल्या अर्जदाराला विनाकारण नाकारून टाकते.

दुसरा उपाय याहून साधा आहे, आणि तो दोनच शब्दांचा आहे : ‘आयदर वे’. ‘आय्‌ल लेट यू नो आयदर वे’, म्हणजे होकार असो वा नकार, कळले असो वा न कळले असो, मी कळवीन. या वाक्यात ‘इफ’ नाही, म्हणून त्याच्या दोन अर्थांचा घोळ नाही. मौनाला अर्थ देण्याची गरज नाही. आणि ‘आय्‌ल लेट यू नो आयदर वे बाय फ्रायडे’ असे म्हणून वार जोडला की वाट पाहणाऱ्याला नेमके कोणत्या दिवशी विचारणा करावी, तेही समजते. असे वचन अर्थातच अधिक मोठे आहे, कारण काहीही न कळले तरी शुक्रवारी पत्र लिहिण्याचे काम ते अंगावर घेते. ज्यांच्या हाती नोकरीचे, प्रवेशाचे किंवा औषधपाण्याचे निर्णय आहेत, त्यांनी इंग्रजीत उत्तरे लिहिताना ‘इफ’चे सोपे वचन न देता हे दुसरे वचन द्यावे, आणि शुक्रवार आला म्हणजे कागद पुढे ओढून ते पाळावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.